बाबांचा २८ मिमीचा मुतखडा: पीसीएनएल करावी की आरआयआरएस?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहिते आहे. माझ्या बाबांच्या (वय ६७) उजव्या किडनीत २८ मिमीचा खडा निघालाय. मधल्या भागात बसलाय आणि त्याचा एक फाटा खालच्या कप्प्यात शिरलाय. सीटी स्कॅनमध्ये घनता ११५० एचयू आली, म्हणजे चांगलाच टणक. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) १.४, जुना मधुमेह, शिवाय दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाल्याने अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू. सगळं घोडं इथेच अडलंय.

दोन युरॉलॉजिस्टना दाखवलं, दोघांची मतं दोन टोकांची.

पहिल्यांनी पीसीएनएल सांगितली. पाठीतून थेट किडनीत वाट करायची, दुर्बीण घालायची, खडा फोडायचा आणि तुकडे त्याच वाटेने बाहेर काढायचे. त्यांनी खणातून एक नळी काढून बाबांच्या हातात दिली. नेहमीच्या पद्धतीत ती १० मिमीपर्यंत जाड असते, ही 'मिनी'ची होती, साधारण ६ मिमी. बाबांनी ती बोटांत फिरवून पाहिली आणि एवढंच विचारलं, "रक्त किती जाईल?" डॉक्टर म्हणाले, बारीक वाटेने रक्तस्राव कमी होतो, वेळ मात्र जास्त लागतो. पण क्लोपिडोग्रेल आधी बंद करावीच लागेल.

दुसऱ्यांचा कौल आरआयआरएसला. लघवीच्या मार्गाने लवचिक दुर्बीण वर न्यायची आणि लेझरने खड्याचा भुगा करायचा. चिरा नाही, छिद्र नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतानाही करता येते. मात्र एवढा खडा एका बैठकीत संपेलच असं नाही. काही आठवड्यांनी दुसरी बैठक लागू शकते आणि तोवर आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली बारीक नळी.

नातेवाईक एका सुरात म्हणताहेत, "बिनचिऱ्याचं आहे ना, मग तेच करा." मला हे पटत नाही. दोन बैठका म्हणजे दोनदा भूल आणि दोनदा जंतुसंसर्गाची जोखीम. लेझर चालू असताना आत सोडलेल्या पाण्याचा दाब वाढला तर लघवीतले जंतू रक्तात जाऊ शकतात. बाबांच्या युरिन कल्चरमध्ये (लघवीतल्या जंतूंची तपासणी) ई. कोलाय हा जंतू आलाय, त्यावर अँटिबायोटिक चालू आहे. मधुमेही माणसाला त्याची भीती जास्त. दुसरीकडे, २ सेंमीपेक्षा मोठ्या खड्याला युरोप-अमेरिकेतल्या युरॉलॉजी संघटना पीसीएनएललाच पहिली पसंती देतात, कारण एका फेरीत किडनी रिकामी होण्याची शक्यता त्यात जास्त. पण त्यासाठी हृदयातल्या स्टेंटशी खेळायचं का?

आई सकाळ-संध्याकाळ कुळथाचं कढण करून देतेय. ती मनापासून करते, म्हणून मी अडवत नाही. पण २८ मिमीचा टणक खडा त्याने विरघळणार नाही, हे तिलाही हळूहळू सांगतेय. बाहेरून धक्के देऊन फोडायचा पर्याय दोन्ही डॉक्टरांनी बाद केला. एवढ्या मोठ्या खड्याचे तुकडे मूत्रनलिकेत अडकून बसतात.

तिसरं मत घ्यायला नडियादला मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलला जायचा विचार आहे. इथून जवळच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मोठ्या खड्याचं ऑपरेशन झालंय का? काय निवडलं, नंतर तुकडे राहिले का? कृपया मोकळेपणाने लिहा.

प्रतिसाद १
ताई, माझ्या सासऱ्यांची केस अशीच होती, खडा २५ मिमी. आमच्या युरॉलॉजिस्टनी आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घेतलं. त्यांनी क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवायला आणि अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायला परवानगी दिली, मग मिनी पीसीएनएल झाली. एका बैठकीत काम झालं, रक्त चढवावं लागलं नाही. तुम्ही परस्पर गोळी बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. आणि निघालेला खडा तपासणीला पाठवायला सांगा. आमचा युरिक अ‍ॅसिडचा निघाला, त्यावर पुढचं औषध आणि पथ्य ठरलं.

प्रतिसाद २
मी ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याचं काम करते. कल्चर पुन्हा करून घ्या, जंतू आटोक्यात आल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच करू नका. आरआयआरएस ठरलीच तर आधी विचारा की ठरलेल्या वेळेत खडा संपला नाही तर थांबणार की रेटणार. थांबणारे डॉक्टर बरे. डीटीपीए स्कॅन झाला नसेल तर उजवी किडनी किती काम करतेय ते त्यातून कळेल.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. डीटीपीए झालेला नाही, उद्याच विचारते. हृदयाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली आहे. त्यांनी गोळी थांबवायला होकार दिला तर मिनी पीसीएनएल, नकार दिला तर आरआयआरएस, असं बाबांशी बोलून ठरवलंय. आता एकच विचारायचं आहे: डीजे स्टेंट असताना सारखी लघवीला लागते आणि कमरेत कळ येते म्हणतात. बाबांना रात्री उठताना तोल सांभाळावा लागतो. त्या दिवसांत घरी काय सोय केलीत?