मदत हवी आहे: शॉक आणि लोअर आर्म कंपनीचेच घ्यावेत की बाहेरचे चालतील?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची वॅगन आर, पेट्रोल, ९६,००० किमी. राहायला साताऱ्यात, महिन्यातून दोनदा खंबाटकी उतरून पुण्याला. गेल्या महिन्यापासून गतिरोधकावरून चाक खाली आलं की डावीकडून 'टक्क' असा आवाज येतो. गॅरेजवाल्याने गाडी उचलून पहारीने लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) हलवून दाखवला. त्याच्या जोडावरच्या बुशचं रबर फाटलंय, आणि शॉकमधून (धक्के शोषणारा शॉक अब्सॉर्बर) तेल गळून त्यावर धुळीचा काळा लगदा बसलाय. म्हणजे बदलायचं हे नक्की.

घोळ पुढे आहे. दोन शॉक, दोन लोअर आर्म आणि मजुरी मिळून कंपनीच्या वर्कशॉपचा अंदाज १४,८०० रुपये. गॅरेजवाल्याकडे नावाजलेल्या ब्रँडचा माल घेतला तर १०,२००, आणि 'लोकल' बसवलं तर ६,५००. तो म्हणतो, "साहेब, मधला घ्या, कंपनीला हेच लोक माल देतात." वर्कशॉपवाले म्हणतात, बाहेरचं बसवलंत तर आम्ही जबाबदार नाही. दोघांनाही आपापला माल खपवायचाय.

एकदा पोळलोय म्हणून विचारतो. ब्रेक पॅड एका दुकानातून घेतले होते, डब्यावर मोठं नाव. ४,००० किमीत करकरायला लागले. चाक काढलं तर डिस्कवर बोटाला लागतील अशा चऱ्या. डिस्कही गेली.

जुना_फिटर: तुमचे पॅड 'आफ्टरमार्केट' नव्हते, डुप्लिकेट होते. फरक मोठा आहे. गाडी कंपनी शॉक, क्लच, फिल्टर यातलं बहुतेक स्वतः बनवत नाही, पुरवठादाराकडून घेते. चाकणला गॅब्रिएलचा कारखाना आहे तो शॉकचाच. बॉश (आमच्या तोंडी अजून मायको, नाव २००८ ला बदललं) तसंच. हे लोक गाडी कंपनीलाही देतात आणि स्वतःच्या डब्यातून बाजारातही विकतात. आफ्टरमार्केट म्हणजे तो, उघडपणे स्वतःच्या नावाचा माल. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरलेला.

पण गॅरेजवाल्याचं वाक्य अर्धंच खरं आहे. एकच पार्ट गाडी कंपनी कधीकधी दोन-दोन पुरवठादारांकडून घेते, आणि अमुक ब्रँड तुमच्या मॉडेललाच देतो असं नाही. पुन्हा साचा बऱ्याचदा गाडी कंपनीच्या मालकीचा असतो. त्यातून निघालेला माल बाहेर विकायचा तर लोगो घासून काढतात. ती घासलेली जागा पार्टवर दिसली तर खूश व्हा.

चारचाकी_चिंतामणी: कंपन्यांना बाहेरची गॅरेजेस नकोच असतात. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. मूळ पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं ते वेगळं. पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात चौकशी करा, कंपनीच्या सीलबंद डब्यातलाच पार्ट मिळेल. फक्त पार्ट नंबर घेऊन जा आणि पक्कं बिल मागा. बिल द्यायला का-कू केली की निघा तिथून.

जुना_फिटर: बंपर, आरसा, वायपर लोकल चालतं. फिटिंगला दोन मिलिमीटर इकडेतिकडे, एवढंच. लोअर आर्ममध्ये मात्र लोकल अजिबात नको. आर्मच्या टोकाचा, चाकाला जोडणारा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, आणि तुम्ही घाटात असता. माझ्या हिशेबाने आर्म कंपनीचे, शॉक ब्रँडेड. शॉक दोन्ही बाजूंचे एकदम बदला. काम झाल्यावर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावून घेणं) विसरू नका, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल रॉकेलमध्ये चिंधी बुडवून जुना शॉक पुसून काढला. लगद्याखाली कंपनीचा लोगो, आणि त्याच्याच बाजूला बारीक अक्षरात दुसरं नाव. गॅरेजवाल्याने 'मधला' म्हणून जो डबा दाखवला होता, तेच! शॉक त्याच्याकडूनच घेतोय, आर्म कंपनीचे. त्याला फोन केला तर म्हणाला, "मी काय सांगत होतो?"

आता लिंक रॉडही (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) बदला म्हणतोय. ते खरंच लागतं का?