ज्या रविवारी फादर येऊ शकत नाहीत, त्या रविवारी चॅपेलमध्ये काय करावे?

प्रश्न : खाडीकाठ (देवगड तालुका)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमची वाडी देवगड तालुक्यात खाडीला लागून आहे. जांभ्या दगडाचे एक जुने कौलारू चॅपेल आणि त्याच्याभोवती वसलेली मोजकी ख्रिस्ती घरे, एवढाच आमचा समाज. बहुतेक घरांतली तरुण माणसे मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरीला आहेत. गावात राहिलेल्यांत वयस्क मंडळी, शाळकरी मुले आणि होड्या किंवा हापूसच्या बागा सांभाळणारी कुटुंबे आहेत. आमचे फादर दूरच्या मुख्य चर्चमध्ये राहतात आणि इतर वाड्यांवरची चॅपेलही त्यांच्याकडेच आहेत. पूर्वी आमच्याकडे दर रविवारी सकाळी मिस्सा (धर्मगुरूंनीच चालवायची मुख्य उपासना) होत असे. आता एक रविवार सोडून होते.

आठवड्याचा बाकीचा क्रम अजून टिकून आहे. मंगळवारी सांत आंतोनीची आणि बुधवारी निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना-प्रार्थना होते, शुक्रवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) होतो आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) देऊन जातात. शनिवारी दुपारनंतर आम्ही बायका चॅपेल झाडून घेतो, वेदीवरचे कापड बदलतो, खाऱ्या वाऱ्याने हिरवट पडलेल्या पितळी मेणबत्तीदाण्या चिंचेने घासून ठेवतो. मात्र दुसऱ्या दिवशी फादर येणार नसले की ही सगळी तयारी कशासाठी करायची, असा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला आहे.

यावर वाडीत एकमत नाही. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की घंटा वाजवावी, तेर्स म्हणावा, एखादे कोंकणी कांतार गावे आणि घरी जावे, कारण पूर्वी पावसाळ्यात खाडी ओलांडता येत नसे तेव्हा असेच करीत. तरुण मुलांना वाटते की चॅपेलमध्ये पडदा लावून दूरच्या एखाद्या चर्चमधली मिस्सा सर्वांनी मिळून पाहावी. ज्यांच्याकडे गाडी आहे ते मुख्य चर्चला जातात. ते योग्यच आहे, पण त्यामुळे म्हातारी माणसे आणि मुले तेवढी मागे राहतात. मी मुलांना दोत्रीन (धर्मशिक्षण) शिकवते. ती मिस्सेनंतर असायची, म्हणून मिस्सा नसली की मुलेही येत नाहीत, हे मला सर्वांत जास्त लागून राहिले आहे.

आम्ही सामान्य भाविकांनी शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) वाचलेले आणि कम्युनियन दिलेले चालते का? त्या रविवारी मिस्सा चुकल्याचे पाप लागते का, असे आमच्या वाडीतल्या आजी मला दर वेळी विचारतात. त्यांना काय सांगावे? आणि वाचने मराठीत, गाणी कोंकणीत, प्रवचनानंतरची बोलणी मालवणीत, अशी सरमिसळ उपासनेत शोभते का?

उत्तर १ : वसईचा धर्मशिक्षक

ताई, आपण ज्या अडचणीत आहात तिचा विचार चर्चने फार पूर्वी केलेला आहे. धर्मगुरूविना होणाऱ्या रविवारच्या उपासनेसाठी व्हॅटिकनच्या उपासना विभागाने १९८८ साली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि त्याआधी कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) १९८३ च्या संहितेतही त्याची तरतूद झाली होती. कलम १२४८ असे सांगते की धर्मगुरू नसल्यामुळे किंवा अन्य गंभीर कारणामुळे मिस्सेला जाणे अशक्य असेल, तर भाविकांनी बिशपांच्या नियमांनुसार होणाऱ्या शब्दविधीत (बायबलवाचन आणि प्रार्थनेच्या विधीत) भाग घ्यावा, अथवा कुटुंबात किंवा काही कुटुंबांनी एकत्र येऊन योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी कळकळीची शिफारस आहे. तेव्हा त्या आजींना निःशंकपणे सांगा की जे अशक्य आहे त्याचे पाप नाही.

फादर सगळीकडे का पोहोचू शकत नाहीत, हेही वाडीतल्या लोकांना समजावून सांगावे. धर्मगुरूने एका दिवशी एकच मिस्सा करावी असा मूळ नियम आहे. धर्मगुरू कमी असल्यास बिशप इतर वारी दोन आणि रविवारी तीन मिस्सांपर्यंत परवानगी देऊ शकतात. चॅपेल त्याहून अधिक असली की कुठे तरी खाडा पडणारच. पण नियमांतच आपल्याला एक वाटही आहे. शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यासाठी धरली जाते, म्हणून जो रविवार रिकामा जातो त्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे येणे शक्य आहे का, हे फादरांना आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी प्रश्न एवढ्यानेच सुटतो.

ते शक्य नसेल तर शब्दविधी करावा. तेर्स ही मोलाची प्रार्थना आहे आणि ती तुमच्या आठवड्यात आहेच. रविवारी मात्र जगभरच्या चर्चमध्ये वाचली जाणारी वाचनेच आपल्या वाडीतही ऐकू यावीत. ही वाचने तीन वर्षांच्या चक्रात लावलेली असतात : एका वर्षी मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, त्यानंतर लूक, तर योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढे) येते. एक रविवार सोडून ऐकणाऱ्या मुलाच्या हाती त्या कथेचे तुकडेच लागतात. एखाद्या प्रसंगाचा पूर्वार्ध एका रविवारी वाचला जातो, उत्तरार्ध पुढच्या रविवारी येतो आणि आपण नेमके त्याच रविवारी गैरहजर असतो. दोत्रीन शिकवणाऱ्या आपल्यासारखीला याहून जास्त सांगण्याची गरज नाही.

शुभवर्तमान सामान्य भाविकाने वाचलेले चालते. प्रवचन हा धर्मगुरू आणि उपधर्मगुरू यांचाच अधिकार आहे, पण फादरांनी लिहून दिलेले प्रवचन वाचून दाखवता येते. कम्युनियन देण्यासाठी मात्र रीतसर नेमणूक झालेली व्यक्ती हवी; ती आपणहून अंगावर घेण्याची गोष्ट नाही. आणि हे सगळे बिशपांच्या संमतीने आणि फादरांच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. रत्नागिरी आणि कोल्हापूर हे जिल्हेही त्यातच येतात. एवढ्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेल्या वाड्यांची ही गरज तिथे कोणाला नवी वाटणार नाही.

पडद्यावरच्या मिस्सेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आजारी माणसाला तिचा मोठा आधार आहे. पण धडधाकट माणसे चॅपेलमध्ये जमलेली असताना त्यांनी पडद्याकडे पाहत बसावे आणि वाचन, गायन, प्रार्थना सारे दूरच्या कोणी तरी करावे, याचे मला वाईट वाटते.

उत्तर २ : अबोली (वेंगुर्ला)

ताई, आमच्या वाडीत असा शब्दविधी पुष्कळ काळ चालू आहे आणि मी त्यात वाचकांची तयारी करून घेते, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

हा विधी मिस्सेसारखा दिसू नये, याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. धर्मगुरूंची खुर्ची रिकामी ठेवावी. जी व्यक्ती प्रार्थना चालवील तिने बाजूला, लोकांमध्ये उभे राहावे. भाकर आणि द्राक्षारस यांचे अर्पण नाही, अर्पणाची महाप्रार्थना नाही. ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ हे शब्दही धर्मगुरूंनी आणि उपधर्मगुरूंनीच म्हणायचे असतात. शेवटी लोकांवर हात उंचावून आशीर्वाद द्यायचा नाही. ‘प्रभू आम्हाला आशीर्वाद देवो’ असे म्हणत सर्वांनी स्वतःवर क्रूसाची खूण करावी. आरंभी काही जण म्हणायचे की हे अपुरे वाटते. ते अपुरेच आहे, आणि ते तसे जाणवणे चांगले आहे, कारण त्यामुळे पुढच्या रविवारी फादर आले की लोक मिस्सेला वेळेआधी येऊन बसतात.

ज्या रविवारी किंवा त्याच्या आदल्या संध्याकाळी चॅपेलमध्ये मिस्सा झाली असेल, त्या रविवारी तिथे हा विधी करायचा नाही, हेही ध्यानात ठेवा. आमच्याकडे एकदा फादर शनिवारी अचानक येऊ शकले, तेव्हा रविवारी आम्ही फक्त दोत्रीन घेतली.

कम्युनियन द्यायचे ठरले तर टॅबरनॅकलचा, म्हणजे पवित्र भाकर ठेवण्याच्या पेटीचा, प्रश्न येतो. जिथे पवित्र साक्रामेंत (ती भाकर) ठेवलेले असते तिथे त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती हवी, टॅबरनॅकल पक्के आणि कुलूपबंद हवे, त्याच्याजवळ दिवा सतत तेवता हवा आणि शक्य असेल तिथे महिन्यातून निदान दोनदा मिस्सा व्हायला हवी. आपल्याकडे एक रविवार सोडून मिस्सा होतेच, म्हणजे ती अपेक्षा पुरी होते. पण आपल्या हवेत ओस्ती (तीच पातळ भाकर) फार लवकर मऊ पडते. श्रावणात तर मिस्सापुस्तकाची पाने इतकी फुगतात की खूण घालण्याची फीत निघत नाही, मग त्या पातळ ओस्तीची काय कथा! म्हणून पावसाळ्यात फादरांनी मोजकीच ओस्ती ठेवावी आणि प्रत्येक मिस्सेला ती बदलावी, असे आम्ही ठरवून घेतले आहे. चावी एका विश्वासू घरात असते. ते घर कोणते, याची चर्चा होत नाही.

वाचकांची तयारी शनिवारी चॅपेल झाडून झाल्यावर घ्या. पौलाच्या पत्रातले एकेक वाक्य अर्ध्या पानाचे असते. कुठे थांबायचे ते आधी पेन्सिलीने खुणावून घेतले नाही तर वाचणाराही अडखळतो आणि ऐकणाऱ्याला काहीच लागत नाही. आमच्याकडे होडीवर जाणारा एक मुलगा आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पत्र तो आता असे वाचतो, की मागच्या बाकावर बसणारे, ऐकू कमी येणारे काकाही मान हलवतात. ती तयारी त्याने मोठ्याने, रिकाम्या चॅपेलमध्ये, पुन्हापुन्हा वाचून केली. मुलांना प्रतिसाद स्तोत्राची ओळ द्या आणि भाविकांच्या प्रार्थना त्यांनाच लिहू द्या. समुद्रात गेलेल्यांसाठी, परदेशातल्या वडिलांसाठी, मोहोर गळालेल्या बागांसाठी मुले ज्या प्रार्थना लिहितात, त्या ऐकायला पालक आपोआप येतात. दोत्रीन मग त्याच बाकांवर पुढे सुरू होते.

उत्तर ३ : दर्यावर्दी

मी मालवाहू जहाजावर काम करतो आणि वर्षाचा मोठा भाग घरापासून दूर असतो. वसईच्या सरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण पडद्याबद्दल थोडी सौम्य भूमिका घ्यावी असे वाटते. किनारा जवळ असताना फोनवर मिस्सा दिसली, तर तो रविवार रविवार वाटतो. तरीही अनुभवाने सांगतो, की जहाजावर आम्ही काही जण जेवणघरात बसून शुभवर्तमान वाचतो आणि एकमेकांच्या घरच्यांची नावे घेऊन प्रार्थना करतो, ती मनात जास्त दिवस राहते.

मला भीती आहे ती दुसऱ्या गोष्टीची. शब्दविधी आणि कम्युनियन दर वेळी मिळू लागले, की लोक म्हणतील, आता फादरांची गरज काय? गावातून धर्मगुरू होण्यासाठी मुलगा पाठवावा, ही आस कमी होईल. म्हणून माझी सूचना अशी की आरंभी निदान काही महिने कम्युनियनविना फक्त शब्दविधी करावा आणि त्यात धर्मगुरूंच्या पाचारणासाठी एक प्रार्थना न चुकता ठेवावी.

उत्तर ४ : कोर्लई

भाषेच्या प्रश्नाबद्दल संकोच बाळगू नका. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले, तरी रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमच्या कोर्लईत घराघरांत पोर्तुगीज वळणाची आमची बोली आजही बोलली जाते, आणि कार्मेल मातेच्या आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. आमच्या आजीला त्यात काही विसंगत वाटत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली, ती लोकांनी समजून सहभागी व्हावे म्हणूनच. वाचने मराठीत ठेवा, कारण मुले शाळेत तीच भाषा वाचतात. कांतारे कोंकणीत ठेवा, कारण ती आजींना तोंडपाठ आहेत.

शिवाय धर्मगुरूविना श्रद्धा जपणे हे या किनाऱ्याला परके नाही. गोव्यातल्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ १६८७ साली श्रीलंकेत गेले, तेव्हा तिथे डचांच्या अमलाखाली कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव होता. एका माणसाला सगळी गावे गाठणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी गावोगावी सामान्य भाविकांतून प्रमुख आणि प्रार्थना चालवणारे नेमले. ते लोकांना जमवीत, मुलांना शिकवीत, मरणाऱ्यांजवळ बसत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कोलंबोत त्यांना संतपद दिले. आपल्या चॅपेलमध्ये त्यांची तसबीर नसेल तर लावा.

प्रश्नकर्ती : खाडीकाठ

सर्वांना देव बरें करूं. शनिवारच्या मिस्सेची विनंती आम्ही कधी केलीच नव्हती. ती येत्या मिस्सेनंतर फादरांना करू. ते शक्य नसेल तर शब्दविधीसाठी त्यांची आणि त्यांच्यामार्फत बिशपांची परवानगी मागू. दर्यावर्दी दादांची सूचना वडीलधाऱ्यांनाही पटली आहे, म्हणून आरंभ कम्युनियनविना करू आणि विधीआधी पंधरा मिनिटे तेर्स ठेवू, म्हणजे त्यांचाही मान राहील.

अबोली ताई, एक विचारायचे राहिले. फादरांकडून लिहिलेले प्रवचन आपण कसे मिळवता? आमच्याकडे खाडीकाठी फोन धड लागत नाही, म्हणून आधीच्या रविवारी ते जातानाच कागद मागून घ्यावा, की शुक्रवारी मुख्य चर्चच्या बाजूला बाजाराला जाणाऱ्या कोणाबरोबर मागवावा?

अबोली (वेंगुर्ला)

जातानाच मागा. शुक्रवारपर्यंत थांबलात, तर वाचणाऱ्याला तो कागद शनिवारच्या तालमीआधी मिळेलच असे नाही.