शिन-योकोहामा रामेन संग्रहालय : एका भेटीत किती वाट्या?

प्रश्न : पुढच्या महिन्यात जपानमधल्या शिन-योकोहामाचं रामेन (रश्श्यातल्या नूडल्स) संग्रहालय बघायचंय. दोन-तीन प्रकार चाखता येतील का? डुकराचं मांस चालत नाही.

उत्तर १ : येतील, फक्त तिथल्या प्रत्येक रामेनच्या दुकानात 'मिनी रामेन' (छोटी वाटी) मागा. मोठ्या माणसाने दुकानात बसल्यावर किमान एक वाटी घ्यायचीच असा तिथला नियम आहे, म्हणून एकीत दोघांनी भागवता येत नाही. दुकानाच्या दाराशी मशीन असतं. पैसे टाका, बटण दाबा आणि चिठ्ठी आत द्या.
क्रमही महत्त्वाचा. आधी मिठाचं (शिओ) किंवा सोया सॉसचं (शोयु), मग मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं), शेवटी दाट, चरबीदार तोनकोत्सु. उलट केलंत तर चरबीने जीभ जडावते आणि हलक्या रश्श्याची चव लागतच नाही.

उत्तर २ : तोनकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचाच रस्सा, तेव्हा तो तुमच्यासाठी बाद. वरचे मांसाचे काप काढून भागत नाही. शोयु-मिसोच्या रश्श्यातही बहुधा हाडं असतात. मागवण्यापूर्वीच विचारा : 'बुतानिकु हाइत्ते इमास का?' (यात डुकराचं मांस आहे का?)
आणि फोटो आधी दुकानाचे काढा, वाटीचे नको. गरम रश्श्यात नूडल्स शिजतच राहतात, बारीक तर फार लवकर मऊ पडतात. सुर्रकन ओढून खा, तिथे ते रीतीला धरूनच आहे.

उत्तर ३ : संग्रहालयाच्या तळघरातला, १९५८ सालच्या धर्तीवरचा मोहल्ला निवांत बघा, फार मन लावून उभारलाय. झटपट रामेन त्याच वर्षी बाजारात आलं.