मदत हवी आहे : १९८३ च्या अमेरिकी पेनीवरील अक्षरे खरोखर दुहेरी आहेत, की मुलामा फाटला आहे?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो आणि बँकेतून पेनीचे, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांचे, रोल आणून त्यांतली वेगळी नाणी निवडून ठेवतो. गेल्या आठवड्यात १९८३ सालची, टाकसाळीचे चिन्ह नसलेली एक पेनी मिळाली. तिच्या मागील बाजूवरील ‘युनायटेड स्टेट्स’ या अक्षरांना नाण्याच्या कडेच्या अंगाने दुसरी पुसट रेघ दिसते, तिथल्याच लिंकन स्मारकाच्या चित्रातील खांबांजवळ दोन बारीक फोड आहेत आणि काठापासून छपरापर्यंत केसाएवढी एक रेघ गेली आहे.

ही रेघ उठावाची आहे, ओरखड्यासारखी खोल नाही. त्यामुळे नाणे ज्याने पाडतात त्या साच्याला तडा जाऊन त्यात धातू शिरला असावा, याबद्दल मला फारशी शंका नाही. प्रश्न अक्षरांचा आहे. १९८३ च्या काही पेनींवर मागील बाजूची अक्षरे ठळकपणे दुहेरी आढळतात, कारण त्यांचा साचा घडवतानाच मूळ ठशाचा दुसरा दाब किंचित सरकून बसला होता, आणि संग्राहक अशा नाण्याला चांगली किंमत देतात. परंतु १९८२ मध्येच पेनीचा धातू बदलला होता. पूर्वी ९५ टक्के तांबे आणि ३.११ ग्रॅम वजन असे. पुढे जस्ताच्या चकतीवर तांब्याचा अत्यंत पातळ मुलामा आला आणि वजन २.५ ग्रॅम झाले. हा मुलामा नाणे पाडण्यापूर्वीच चढवलेला असल्यामुळे दाबाखाली अक्षरांच्या कडांशी तो ताणला जाऊन फाटतो, आतले करडे जस्त उघडे पडते आणि एकाच अक्षराला दोन कडा असल्याचा भास होतो. फोडही मुलाम्याखाली अडकलेल्या वायूने येतात, हे मला ठाऊक आहे.

माझ्या नाण्यावरची रेघ बहुतेक अक्षरांशी करडी आहे, म्हणून माझा कल फाटलेल्या मुलाम्याकडे आहे. मात्र दोन ‘टी’ अक्षरांपाशी ती तांबूस आणि किंचित उंच वाटते, तिथेच मी अडलो आहे. खऱ्या दुहेरी साच्यात अक्षरांच्या टोकांना खाच दिसते म्हणतात. ती दहापट भिंगातून नेमकी कुठे शोधावी? फोड टाचणीने दाबून पाहण्याचा सल्ला मिळाला, पण नाण्याला इजा करण्याची माझी तयारी नाही. शिवाय उघडे पडलेले जस्त दमटपणाने लवकर गंजते, तेव्हा असे नाणे कशात ठेवावे, हेही कृपया सांगावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.