टायरंट ४१ लेव्हलला पोचला तरी टायरँट्रम होईना

पोकेमॉन एक्स हा व्हिडिओ गेम खेळतोय, ग्लिटरिंग केव्हमधून जॉ फॉसिल घेतलं, त्यातून टायरंट हा पोकेमॉन काढला, आता ४१ झाली तरी तो टायरँट्रम या पुढच्या रूपात न जाता आपला तसाच, मोठं डोकं घेऊन उड्या मारतोय. बी बटण (रूपबदल थांबवणारं) दाबलेलं नाही हां. काय चुकतंय?

> खेळतोस कधी? ३९ नंतर दिवसा लेव्हल वाढली तरच होतो तो.

> अरे देवा, ऑफिसवरून येऊन रात्री अकरालाच बसतो मी 😅

> मग रविवारी सकाळी एक रेअर कँडी (लेव्हल एकने वाढवणारी) खायला दे. स्ट्राँग जॉ ही क्षमता आहे ना त्याला? चावायचे मूव्ह दीडपट लागतात, क्रंच ठेवच. फक्त रॉक-ड्रॅगन टाइपचा असल्याने फेअरी, आइस, स्टील टाइपवाले सगळेच धुतात.

> रात्रीच खेळायचं होतं तर सेल फॉसिलवाला अमाउरा घ्यायचास, त्याचं रूप रात्रीच बदलतं. पण फायटिंग टाइपचा एक फटका चौपट बसतो बिचाऱ्याला.

> झाला!! चहा थंड झाला पण झाला