६ आठवड्यांची लेक रोज संध्याकाळी रडते, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, लेक दिवसभर शांत असते, पण संध्याकाळी सात वाजले की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन दोन-तीन तास रडते. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, तरी तेच. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या की थांबते, खाली ठेवली की परत सुरू. डॉक्टरांनी तपासलंय. वजन छान वाढतंय, ताप नाही. हा कॉलिक आहे, म्हणजे निरोगी तान्ह्या बाळाचं नेमकं कारण न कळणारं, खूप वेळ चालणारं रडणं, तीन-चार महिन्यांची झाली की कमी होईल म्हणाले.

सासूबाई पोटाला हिंग लावतात, त्याला माझी ना नाही. पण त्यांना घुटी द्यायची आहे आणि मला सहा महिने फक्त अंगावरचं दूधच द्यायचंय. त्यांना न दुखावता कसं सांगू? आणि भुकेचं रडणं वेगळं कसं ओळखायचं? काल तिच्याबरोबर मीही रडले.