येळवशीचं पॅकेज: पैसे घेऊन रानात पंगत लावावी का?

मांजराकाठ
लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे आमची येळवस, वेळ अमावास्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही. बाजारपेठ बंद, जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी आणि सगळी माणसं रानात. कडब्याची कोप (खोपटं), आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांना भज्जी, उंडे, खीर, आंबिलीचा नैवेद्य. मग 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडायची. (दर गावात शब्द जरा वेगळे, भांडू नका.)

यंदा शेजारच्या तालुक्यातल्या एका कृषी पर्यटनवाल्याची जाहिरात फिरतीय: 'येळवस स्पेशल', माणशी अमुक, लेकरांना निम्मे, सजवलेल्या बैलगाडीत फोटो. मला हे पटत नाही. येळवशीला बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून ताटावर बसवतात. ज्याला शेत नाही तो दोस्ताच्या, सोयऱ्याच्या रानात जातो. ह्या हाकेलाच मी सण समजतो. हुरडा विका, बोरं विका, पण कोपीला तिकीट लावू नका.

भज्जीवाली
हाक मारणारे तुम्ही, रांधणारं कोण? येळवशीच्या आधी दोन दिवस तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे दाणे सोलायचे, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात निवडायची, चिंच कोळून ठेवायची. मध्यरात्रीनंतर चूल पेटते. डाळीचं पीठ लावून एवढी मोठी भज्जी घोटायची, तर दंड भरून येतात. मग उंडे, भाकरी, धपाटे. दहा माणसं सांगून येतात, पंधरा न सांगता. आमच्या गावात बचत गटाच्या बायकांनी गेल्या वर्षी अशा पर्यटनवाल्याकडं भज्जी करून दिली आणि रोख पैसे घेतले. घरच्या येळवशीत आजवर 'भज्जी झकास झाली' एवढंच मिळत आलंय. मला पॅकेज पटतं.

औरंगपुरा_कट्टा
आमच्या संभाजीनगरकडं येळवस नाही. थंडी पडली की वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ, जायकवाडीला पक्षी बघायला आणि मग हुरडा. ओळखीत शेतकरी उरलेला नाही, त्यामुळं पैसे देऊनच रानात पाय टाकतो. त्यात लाजायचं काय? लेकरांनी आगटी बघितली, गरम कणीस तळहातावर चोळलं, तिळाच्या चटणीला हात लावला. (वेरूळला मंगळवारी जाऊ नका, लेण्या बंद असतात. आम्ही एकदा गेलोय.)

मांजराकाठ
हुरड्याला माझी ना नाहीच, वर लिहिलंय. ते पीक आहे. कोणाच्या घरची पूजा आपण पैसे देऊन बघायला जातो का?

गुळभेंडी
शेतकरी म्हणून बोलतो. आमच्याकडं खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. ज्वारी काढणीला मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही, म्हणून लोकांनी सोडली. मी चार तास (ओळी) गुळभेंडी ज्वारी पेरतो ती फक्त हुरड्याच्या गिऱ्हाइकासाठी. दाणा कोवळा असताना कणीस विकलं तर वाळलेल्या ज्वारीपेक्षा पैसा जास्त सुटतो. आता येळवशीचं बगा. कोपीला कडबा लागतो, आंबिलीला ज्वारीचं पीठ लागतं. ज्वारीच गेली तर कोप कशाची करणार, सोयाबीनच्या काडाची? शहरातल्यांचा पैसा आला तर चार जण आणखी पेरतील. मांजराकाठ, तुमच्या रानात यंदा ज्वारी आहे का?

मांजराकाठ
आहे. बांधाच्या कडेला चार ओळी.

गुळभेंडी
तेच म्हणतो मी.

गोदाकाठ_नांदेड
देव आणि बाजार वेगळे कधी होते? ह्याच अमावास्येच्या तोंडावर आमच्या लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. एकीकडं पालखी, एकीकडं घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, पलीकडं तमाशाचे फड. घोड्याची किंमत केल्यानं खंडोबा बाटला असं कोणी म्हणत नाही.

मांजराकाठ
यात्रेत घोडा विकतात, दर्शन नाही. तिथं बाजार बाजाराच्या जागी आहे. पॅकेजवाला तर पंगतच विकतोय.

वेशीबाहेर
सगळे 'अनोळखीलाही हाक मारतात' म्हणायलेत, म्हणून लिहितो. आमच्या घरात गुंठाभर जमीन नव्हती. बाप सालगडी. येळवशीला मालकाच्या रानात आम्हाला हाक यायची, खोटं बोलणार नाही, पोटभर वाढायचे. पण बसायचं बांधाच्या अलीकडं, आणि वरून वाढायचे. आता पोरं एकत्र जेवतात, बदललंय बरंच. तरी मी पुण्याहून आलो की पैसे देऊन जाणं पसंत करतो. तिथं 'कोणाचा रे तू?' असं कोणी विचारत नाही.

मांजराकाठ
ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. माझ्या रानात या, एका सतरंजीवर बसू, एवढंच म्हणू शकतो. पण तुमचा अनुभव मालकाबद्दल सांगतो, तिकीट चांगलं हे त्यातून ठरत नाही. ज्याला माणशी अमुक परवडत नाही तो सालगडी आजही बाहेरच राहणार. पॅकेजवाल्याच्या दारात त्याला हाकसुद्धा येणार नाही.

वेशीबाहेर
हे मात्र खरं. तिथं वाढपी म्हणून आमचीच माणसं असतात.

औरंगपुरा_कट्टा
मग मधला मार्ग काढा की. हुरड्याचे पैसे घ्या, येळवशीचं जेवण फुकट.

भज्जीवाली
फुकट म्हणजे पुन्हा आमच्याच दंडावर! मांजराकाठ, तुम्ही माणसं बोलवायलात, चांगलं आहे. मग आदल्या रात्री दाणे सोलायला घरातले बाप्ये बसवा, आणि आंबिलीचं बिंदगं तेवढं डोक्यावर घेऊन मिरवण्याऐवजी भज्जीचं पातेलंही उचला. तोवर मी बचत गटाच्या बाजूनं.

मांजराकाठ
दाणे सोलायला बसतो. भज्जी घोटायची तर शिकावं लागेल, पीठ लावलं की गुठळ्या होतात माझ्याकडून.

भज्जीवाली
पीठ आधी ताकात कालवून घ्या.